आईला थुंकायला लावलं त्याची गोष्ट

दोन मिलीलिटर म्हणजे किती असं कुणी विचारलं तर मी आता सांगू शकते, माझ्या आईला चाळीस मिनिटं लागतात एवढं. बीपीच्या गोळीने तोंडाला कोरड पडते, त्यात अर्धा तास आधीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही अशी अट, आणि नळीवर ती रेघ असते तिथपर्यंत थुंकी यायला हवी, वरचा फेस धरायचा नाही. आई थुंकायची, नळी उजेडात धरायची, "झालं का गं?" मी म्हणायचे फेस आहे तो, अजून. शेवटी तिला म्हटलं गाल बाहेरून चोळ आणि काहीतरी आंबट आठव. ती म्हणाली, "सदुसष्टाव्या वर्षी मुलीसमोर बसून थुंकतेय, आंबट कशाला आठवायला पाहिजे." मग झाकण लावलं, झाकणातलं निळं पाणी खाली नळीत उतरलं (ते डीएनए टिकावा म्हणून असतं), आणि पाकीट डीएनए टेस्ट करणाऱ्या कंपनीला पाठवून दिलं.

आणि पाच आठवड्यांनी ईमेल की नमुन्यात पुरेसा डीएनए नाही, परत पाठवा. परत चाळीस मिनिटं.

हे सगळं कशासाठी, तर आई दत्तक आहे. काही दिवसांची असताना आजी-आजोबांनी तिला घरी आणलं, आणि तिला हे कळलं एकोणिसाव्या वर्षी, तेही भांडणात कुणीतरी बोलून गेलं म्हणून. आजी असेपर्यंत आईने हा विषय एकदाही काढला नाही. आजी गेल्यावरही नाही. पण डॉक्टरांकडे गेलं की कागद पुढे येतो ना, आईला डायबेटीस होता का, वडिलांना हार्टचं काही, घरात कॅन्सर, तिथे आई दरवेळी सगळ्या रकान्यांमध्ये एकच लांब आडवी रेघ मारते. लहानपणापासून ती रेघ बघत आलेय मी. तर माझं डोकं त्या रेघेपाशी अडकलं असं म्हणा.

पहिली चूक मी अशी केली की आधी स्वतःचीच टेस्ट केली. उत्साह. वाटलं माझ्यात आईचं सगळं आहेच की. तर नसतं. आईचा अर्धाच डीएनए माझ्यात आलाय आणि कुठला अर्धा ते नशिबावर, म्हणून तर सख्ख्या भावंडांचे रिझल्टही सारखे येत नाहीत. आजी-आजोबा चौघांकडून पंचवीस-पंचवीस टक्के येतात असं आपण सरसकट म्हणतो पण कुणाकडून बावीस, कुणाकडून अठ्ठावीस असंही होतं. आणि नातं जितकं लांबचं तितका हा खेळ बेभरवशाचा होत जातो, थर्ड कझिन म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा-पणजी एक, त्यातल्या साधारण दहातल्या एकाशी तुमचा डीएनए अजिबात जुळत नाही, फोर्थ कझिनपर्यंत गेलात की निम्म्यांशी नाही. नातं खरं, रक्त खरं, पण टेस्टमध्ये शून्य. त्यामुळे घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस जे कोण असेल त्याची टेस्ट आधी करा, आणि ते हातीपायी धड असताना करा, हे मी आता भेटेल त्याला सांगते. माझ्या रिझल्टमध्ये आईच्या बाजूचं म्हणून जे सगळ्यात जवळचं नाव होतं ते ४१ सेंटीमॉर्गनचं. आईचं आल्यावर त्याच माणसाशी तिचे निघाले ९६.

सेंटीमॉर्गन म्हणजे दोन माणसांचा डीएनए किती जुळतो ते मोजायचं माप समजा. आई-मूल असेल तर साधारण ३४००-३५००. सख्खी भावंडं २६०० च्या आसपास. सख्खे चुलत-मामे-आते-मावस, साधारण ८५०. त्याच्या पुढचे सेकंड कझिन, म्हणजे ज्यांचे पणजोबा-पणजी एक, २३० च्या आगेमागे. हे सरासरी आकडे, प्रत्यक्षात बरंच खालीवर होतं. आणि साइटला बिचारीला कझिन एवढा एकच शब्द येतो. आपल्याकडे चुलत, मामे, आते, मावस असे चार शब्द आहेत आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं, बाजू कुठली.

आईचा रिझल्ट आला तेव्हा पहिल्या पानावर असतो तो रंगीत नकाशा, इतके टक्के इथले इतके टक्के तिथले. लोक टेस्ट करतात ती बहुतेक वेळा या पानासाठी आणि माझ्या मते सगळ्यात कमी किंमत द्यायची ती याच पानाला. कारण ते टक्के म्हणजे कंपनीकडे नमुने म्हणून जे लोक आहेत त्यांच्याशी तुमची तुलना. ज्या भागातले लोक त्या यादीत थोडे, तिथलं उत्तर ढोबळ. कंपनीने यादी वाढवली की तुमचे टक्के बदलतात, तुम्ही तेच, तुमची थुंकी तीच. आईच्या नकाशात मध्य आशियातले ४ टक्के होते, तिला ते फार आवडले होते, शेजारी सांगूनही झालं. आठ महिन्यांनी अपडेट आला आणि ते गायब. "कुठे गेले ते लोक?" ती दोन दिवस विचारत होती.

खरी गंमत दुसऱ्या पानावर, मॅच लिस्टमध्ये, म्हणजे ज्यांचा डीएनए तुमच्याशी जुळतो त्या लोकांच्या यादीत. आईला अकराशेच्या वर मॅच. मला वाटलं झालंच, महिन्याभरात सापडतं. काय कप्पाळ सापडतं. बहुतेक सगळे ४० च्या खालचे. आणि ज्या समाजात पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं होत आली, जगात असे खूप आहेत, तिथे लांबचा माणूस पण जवळचा दिसतो, कारण तो एकाच पूर्वजाकडून नाही तर सहा ठिकाणांहून तुमचा नातेवाईक असतो आणि सगळीकडून थोडं थोडं जुळतं. म्हणून सेंटीमॉर्गनची नुसती बेरीज बघायची नाही, डीएनएचे सलग जुळणारे तुकडे केवढे ते बघायचं. ९० सेंटीमॉर्गन दोन-तीन लांबसडक तुकड्यांत असतील तर नातं खरंच अलीकडचं असू शकतं. तेच ९० जर आठ-आठचे अकरा तुकडे मिळून झाले असतील तर ते जुनं गाळ आहे, त्याच्या मागे लागू नका. सातच्या खालचा तुकडा तर कित्येकदा निव्वळ योगायोग असतो. हे कळायच्या आधी मी एका गृहस्थाच्या मागे तीन महिने घालवले.

मग मला लीड्स मेथड सापडली. डेना लीड्स म्हणून एक बाई आहेत त्यांनी २०१८ मध्ये ही युक्ती मांडली आणि ती इतकी साधी आहे की हसू येतं. ९० ते ४०० सेंटीमॉर्गनमधले मॅच एकाखाली एक लिहायचे, पहिल्याला एक रंग द्यायचा, आणि त्याच्याशी जे जे जुळतात त्या सगळ्यांना तोच रंग. मग न रंगवलेला पुढचा घ्यायचा, त्याला दुसरा रंग. असं करत गेलं की साधारण चार गठ्ठे पडतात, चार आजी-आजोबांचे. कोण काय ते माहीत नसतं पण कोण कोणाच्या बाजूचं ते कळतं. मुलीचे स्केचपेन घेऊन बसले. आईला त्या पट्टीत सातच माणसं होती, आणि रंग पडले तीन, हिरवा, पिवळा, गुलाबी. चौथ्या आजी किंवा आजोबांकडच्या जवळच्या कुणी या साइटवर टेस्टच केली नव्हती. एवढंच असतं ते, ज्याने थुंकलं तोच दिसणार.

मी सातही जणांना मेसेज केले. दोघांची उत्तरं आली. एकाने विचारलं तुम्हाला नक्की काय पाहिजे. दुसरे काका गोड होते पण त्यांना स्वतःच्या आजोबांचं नावही माहीत नव्हतं.

इथे जवळजवळ सव्वा वर्ष काही नाही. मी रोज सकाळी उघडून बघायचे, मग आठवड्यातून एकदा, मग आठवेल तेव्हा. त्या काळात मी याबद्दल वाचत मात्र खूप होते आणि एक गोष्ट मनात बसली ती अर्जेंटिनाची. तिथे १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती, माणसं पळवली, मारली, आणि त्यांची तान्ही मुलं भलत्याच घरांत देऊन टाकली. त्या मुलांच्या आज्या एकत्र आल्या, प्लाझा दे मायोच्या आज्या म्हणून त्या ओळखल्या जातात, आणि त्यांनी शास्त्रज्ञांना विचारलं की मधली पिढीच नाही, तर आजी आणि नातवंड हे नातं रक्तावरून सिद्ध होतं का? मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ त्यांच्यासोबत काम करायला लागल्या, आणि १९८७ मध्ये तिथे यासाठी सरकारी डीएनए बँक उभी राहिली. मायटोकॉन्ड्रियल डीएनए तिथे फार कामाला आला, तो आईकडून मुलांना जसाच्या तसा जातो, बापाचा संबंधच नाही, त्यामुळे आईची आई सापडते. आज आपण घरबसल्या हौसेने नळीत थुंकतो, त्याच्या मागे या बायका आहेत, हे मला कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत दिसलं नाही.

तर मग एके दिवशी आईचं अकाउंट उघडलं आणि यादीत सगळ्यात वर नवीन नाव. १७८२ सेंटीमॉर्गन.

मी उठून पाणी प्यायले. खरंच.

१७८२ म्हणजे नातं काय? इथे पहिली अडचण. एवढे सेंटीमॉर्गन आजी-नात असू शकतात, आत्या-भाची किंवा मावशी-भाची असू शकतात, आणि आई किंवा बाप एकच असलेल्या बहिणी असू शकतात. टेस्टला वय कळत नाही. प्रोफाइलमध्ये जन्माचं दशक दिसत होतं, आईपेक्षा साधारण पाच-सहा वर्षांनी लहान बाई. म्हणजे आजी बाद. भाची असं धरलं तर आईचा भाऊ किंवा बहीण तिच्यापेक्षा बरीच मोठी हवी, अशक्य नाही. पण बहिणी असण्याची शक्यता जास्त.

मेसेज लिहायला मला चार दिवस लागले. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी विचारलं होतं, तुमच्या घरात कधी कुणी मूल दत्तक दिलं होतं का. परत वाचलं आणि अंगावर काटा आला, अहो ती बाई आपल्या मुलाने गिफ्ट दिलं म्हणून टेस्ट करून बसलीये (हे नंतर कळलं) आणि मी तिच्या घरात बॉम्ब टाकतेय. शेवटी गेला तो एवढाच: नमस्कार, माझ्या आईचा आणि तुमचा डीएनए बराच जुळतोय. आईला तिच्या जन्माच्या घराबद्दल माहिती नाही. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर बोलू, नाही वाटलं तरी आमची काही तक्रार नाही.

सहा दिवसांनी ते नाव यादीतून नाहीसं झालं. त्यांनी मॅच दिसणं बंद केलं होतं.

मी आईला काही सांगितलं नव्हतं, आणि इथे मला कबूल केलं पाहिजे की हे सगळं मी आईसाठी करतेय असं म्हणत होते पण आई मुळात काय म्हणाली होती? "तुला हवंय ना, कर." याला मी तिची परवानगी धरून चालले होते. ती परवानगी नव्हती, ती आई होती. तेव्हा त्या रात्री सगळं सांगितलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती आणि मग म्हणाली, "तिला त्रास देऊ नकोस."

नाही दिला. दोन महिन्यांनी त्यांचाच मेसेज आला.

ताई म्हणते मी त्यांना इथे. ताईंचे वडील वारून वीस वर्षं झाली, पण आई आहेत, शहाऐंशी वर्षांच्या, ताईंजवळच राहतात. आणि माझा मेसेज वाचल्यापासून ताईंच्या डोक्यात एकच, हे मूल माझ्या आईचं की माझ्या वडिलांचं? वडिलांचं असेल तर ते गेलेत, जे काय असेल ते असेल. आईचं असेल तर ती बाहेर बसून टीव्ही बघतेय आणि जवळजवळ सत्तर वर्षं तिने हे पोटात ठेवलंय, आणि मी तिच्याकडे आता कसं बघू. त्या म्हणाल्या बाकी काही बोलायच्या आधी मला हे एवढं कळलं पाहिजे, आणि आईला न विचारता कळलं पाहिजे.

आणि ते कळतं! मला तेव्हा स्वतःचाच अभिमान वाटला कारण हे मी वाचलेलं होतं. बाईला एक्स गुणसूत्रं दोन, एक आईकडून एक वडिलांकडून. आई स्वतःच्या दोन एक्सची सरमिसळ करून देते, म्हणून प्रत्येक मुलीला वेगळी मिसळ जाते. वडिलांकडे एक्स एकच असतं, मिसळायला दुसरं आहेच कुठे, ते आहे तसं अख्खं मुलीला जातं. म्हणजे एकाच बापाच्या दोन मुली असतील तर त्यांचं एक पूर्ण एक्स, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जुळलंच पाहिजे. आई एक आणि वडील वेगळे असतील तर ते तुकड्यातुकड्यांत जुळेल. (बापाची आई आणि नात यांचंही असंच अख्खं जुळतं, पण वयामुळे आजी आपण आधीच बाद केलीये. सख्ख्या बहिणींचंही जुळतं, पण मग बेरीज २६०० कडे गेली असती.)

आमच्या साइटवर एक्स वेगळं दाखवत नव्हते. त्यासाठी दोघींची कच्ची फाइल उतरवून जेडमॅचवर चढवायची, ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली ताडून बघायची साइट. ही कच्ची फाइल एकदा उघडून बघाच, साधी टेक्स्ट फाइल असते, सहा-सात लाख ओळी, प्रत्येक ओळीत एक नंबर, गुणसूत्र, जागा, आणि शेवटी दोन अक्षरं, एए, एजी, सीटी असं काहीबाही. आईने चष्मा वर करून बघितलं, थोडं खाली स्क्रोल केलं, "हे सगळं मी?" म्हटलं हो, आणि हे सगळं पण नाही, पूर्ण पुस्तक तीनशे कोटी अक्षरांचं आहे, ही त्यातली अधूनमधून उचललेली. "मग बरोबर," म्हणाली, "मला यात कुठेच मी दिसत नाहीये."

ताईंनी चढवायच्या आधी विचारलं हे कुणाकुणाला दिसतं. मी गोड बोलून पटवू शकले असते. खरं ते सांगितलं. याच जेडमॅचवरच्या लांबच्या नातेवाइकांवरून अमेरिकेत २०१८ मध्ये पोलिसांनी गोल्डन स्टेट किलर म्हणून ओळखला जाणारा गुन्हेगार पकडला, त्याने स्वतः कधी टेस्ट केली नव्हती. त्यानंतर २०१९ मध्ये साइटने पोलिसांना दाखवायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं असं केलं. आणि २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीतून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली, सुरुवात फक्त चौदाएक हजार अकाउंट्सच्या जुन्या वापरलेल्या पासवर्डांपासून, बाकीचे सगळे त्यांचे मॅच म्हणून ओढले गेले. २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा लोक घाईघाईने आपला डेटा पुसत होते. तुम्ही पासवर्ड नीट ठेवलात तरी तुमच्या मावसभावाने ठेवला नसेल तर काय उपयोग. ताईंनी तीन दिवस घेतले. मग पोलिसांचं बटण बंद ठेवून फाइल चढवली, म्हणाल्या बघून झालं की मी काढून टाकणार.

दोघींच्या फाइलींचे नंबर टाकून एक्सची तुलना लावली. मी फोनवर, ताई फोनवर, आई शेजारी खुर्चीत. पान उघडायला वेळ लागत होता. आणि मग एक निळी पट्टी. एकच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुठे खाडा नाही, १९६ सेंटीमॉर्गन, म्हणजे पूर्ण एक्स.

मी म्हटलं, "ताई, वडील."

पलीकडून पहिल्यांदा श्वास सोडल्याचा आवाज आला, आणि मग रडण्याचा, आणि मला कळेना हे सुटल्याचं रडणं आहे की वडिलांवर रागावल्याचं. दोन्ही असेल. त्या मधेच म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं की नाही कुणास ठाऊक." ते आता कुठल्याच गुणसूत्रावर सापडणार नाही.

त्यांनी दुसऱ्या दिवशी फाइल काढून टाकली, बोलल्याप्रमाणे. त्यांच्या आईला काहीही सांगितलेलं नाही. सांगायचं नाही असं आमचं दोन्ही घरांचं ठरलंय.

आपल्या भाषेत एक गैरसोय आहे बघा, सावत्र बहीण म्हटलं की एका बापाच्या मुली पण त्यात आल्या आणि बापाच्या दुसऱ्या बायकोने आधीची आणलेली मुलगी पण त्यात आली. शिवाय त्या शब्दाला एक कडू वास आहेच. आईला तो चालला नाही. महिनाभर ती "त्या बाई" म्हणत होती. हल्ली नावाने बोलते, एकेरीत, मोठी आहे ना ती.

दोघी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलल्या. मला वाटलं होतं आई चेहरा निरखेल, वडिलांचा फोटो मागेल. ताईंनी फोटो तयारही ठेवला होता. आईने ख्यालीखुशाली विचारली, गुडघ्यांचं विचारलं, मग चष्म्याच्या केसखालून एक कागद काढला, ज्यावर तिने तिच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, आणि विचारलं, "वडिलांना शुगर होती का? हार्टचं काही? गेले कशाने?"

ताईंनी एकेक सांगितलं. शुगर नव्हती. फुप्फुसांचं झालं, सिगरेट ओढायचे. आणि डोळ्यांना काचबिंदू, शेवटी एका डोळ्याने दिसत नव्हतं, त्यांच्या भावालाही होता. आईने सगळं लिहून घेतलं. काचबिंदूखाली दोन रेघा मारल्या, कारण तो घराण्यात असला तर आपल्यालाही धोका वाढतो आणि सुरुवातीला काही कळत नाही हे तिला माहीत होतं. फोटो राहूनच गेला, तो ताईंनी नंतर पाठवला, आई त्याबद्दल अजून तरी काही बोललेली नाही आणि मी विचारलेलं नाही.

मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. प्रेशर दोन्हीकडे नॉर्मल, वर्षातून एकदा दाखवत जा म्हणाले. कागद भरताना आईने वडिलांच्या रकान्यात काचबिंदू असं स्वच्छ लिहिलं, पेन खालच्या आईच्या रकान्यावर नेलं, आणि तिथे नेहमीसारखी रेघ मारली. पण अर्धीच. मग पेन माझ्याकडे देत म्हणाली, "गुलाबीवाल्यांचं काय झालं गं?"

ताईंशी जुळणारे सगळे हिरव्यात आणि पिवळ्यात गेलेत, म्हणजे गुलाबी आईच्या आईचे. त्यात सगळ्यात वरचा मॅच २१२ सेंटीमॉर्गनचा आहे आणि त्याने गेली दोन वर्षं लॉगिन केलेलं नाही.